महाराजाला नागवले कोणी?

एअर इंडिया विकली, टाटांची वस्तू टाटांकडे परतली, सरकारच्या गळ्यातली धोंड सुटली, म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांना आमचा सवाल आहे : हा महाराजा भिकेला लागला कसा, आणि त्याबद्दल आजवर शिक्षा झाली कोणाला?

कामगार आळशी होते, हे उत्तर आम्हाला ऐकवू नका! १९९० मध्ये कुवेतच्या युद्धछायेतून लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले ते याच कंपनीच्या वैमानिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी. नालायकी कॉकपिटमध्ये नव्हती, मंत्रालयात होती. १९५३ मध्ये कंपनी ताब्यात घेतलेल्या सरकारने १९७८ मध्ये तिच्या जन्मदात्या जेआरडी टाटांनाच अध्यक्षपदावरून हटवले. पुढे तर ती सत्ताधाऱ्यांचे चरायचे कुरणच झाली. २००५-०६ मध्ये तब्बल १११ विमाने मागवली, तीही कर्जाच्या जोरावर. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सची मोट तिच्याशी बांधली. दोन्हीकडच्या वैमानिकांची भांडणे मात्र पुढे २०१२ च्या संपापर्यंत धुमसत राहिली. आखाती विमान कंपन्यांना आपली दारे सताड उघडली, ती वेगळीच. 'कॅग'ने २०११ मध्ये या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. सीबीआयने गुन्हे नोंदवले ते थेट २०१७ मध्ये!

आणि निर्लज्जपणा पाहा. सरकारी नोकराने सरकारी खर्चाने जायचे तर एअर इंडियानेच, ही सक्ती ज्या सरकारने केली, त्याच सरकारच्या खात्यांनी तिची बिले थकवली. विक्री ठरल्यावर, ऑक्टोबर २०२१ मध्ये, अर्थ मंत्रालयाने फर्मान काढले : थकबाकी चुकती करा, यापुढे तिकिटे रोखीने घ्या. फुकटेपणाची याहून स्पष्ट कबुली कोणती?

विक्रीची किंमत १८,००० कोटी. त्यातले रोख फक्त २,७०० कोटी, बाकी कर्जाची जबाबदारी. उरलेले सुमारे ४६ हजार कोटींचे देणे सरकारी कंपनीच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या बोकांडी बसले. ज्या शेतकऱ्याने जन्मात विमानतळ पाहिला नाही, तोही काडेपेटीवरच्या करातून हे पाप फेडणार!

खासगीकरणाने विमाने वेळेवर सुटतील की नाही, ते टाटा पाहतील. आमची मागणी सरकारकडे आहे. त्या खरेदीच्या आणि विलीनीकरणाच्या फायलींवर कोणाकोणाच्या सह्या आहेत, ती नावे संसदेपुढे ठेवा. कंपनी विकता येते. जबाबदारी विकता येत नाही!