आधी गळती, मग गालिचा

मागच्या ऑक्टोबरात मी एक होडी घेतली. चौदा फुटी, अॅल्युमिनियमची, मासेमारीची. ट्रेलरसकट सहाशे डॉलरला. गेले कित्येक विकांत इथे काही लिहिलं नाही त्याला कारण ही होडीच.

सदाशिव पेठेत वाढलेल्या आणि मासे न खाणाऱ्या माणसाने मासेमारीची होडी कशाला घ्यावी, हा प्रश्न आईने फोनवर विचारून झालाय, तेव्हा तुम्ही परत विचारू नका. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. चौदा वर्षं काठावर उभं राहून फोटो काढले, आता कंटाळा आला. शिवाय बायको मालवणची आहे, पकडलेलं वाया जात नाही. :)

तर मुद्दा असा. जुनी होडी घेतली असं सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, कार्पेट कुठलं टाकणार? मग पुढे उभं राहून गळ टाकायला उंच डेक, गोल फिरणाऱ्या खुर्च्या, मासे दाखवणारा स्क्रीन, निळे एलईडी. यूट्यूबवर अशा कायापालटाचे शेकडो व्हिडिओ आहेत. पहिल्या मिनिटाला चिखलाने भरलेलं डबडं आणि विसाव्या मिनिटाला मंडपातल्या नवरदेवासारखी सजलेली होडी. मीही हिवाळाभर ते बघितले, आवडीने बघितले. आता माझं मत असं झालंय की या होड्यांचं दुर्लक्षाने फारसं बिघडत नाही, त्यांचं वाटोळं होतं ते हौसेने.

उगाच म्हणत नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत विमानांचे कारखाने रिकामे पडायला लागले. पत्रा वाकवून रिव्हेट ठोकण्यात तरबेज लोक हाताशी होते, तेव्हा लढाऊ विमानं करणाऱ्या ग्रमनसारख्या कंपनीने अॅल्युमिनियमच्या कनू काढल्या. आमच्या मिनेसोटात अॅल्युमाक्राफ्ट १९४६ सालची आणि न्यूयॉर्क मिल्स नावाच्या छोट्या गावातली लंड १९४८ ची. त्या काळातल्या पद्धतीने केलेल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या होड्या इथे अजूनही रोज पाण्यात जातात. घरामागे गवतात पालथ्या पडलेल्या असतात, त्यांच्यावर बर्फ साचतं, खारी घर करतात. वसंतात उलटी करून झाडली की चालली.

याचं कारण आपल्या आज्यांना ठाऊक होतं. आमची आजी अॅल्युमिनियमला 'जर्मन' म्हणायची. जर्मनच्या पातेल्यात भात चालेल, दूध तापवलेलं चालेल, पण ताक किंवा चिंचेची आमटी ठेवलीस तर बघ! या धातूवर हवा लागताक्षणी ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर धरतो आणि तोच थर आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज पापुद्रे होऊन सुटतो आणि खालचं नवीन लोखंड उघडं पाडतो, तसं इथे होत नाही. हवा आणि गोडं पाणी सोसून हा पत्रा पिढी काढतो. त्याला खाते ती आंबट-खारट गोष्ट, नाहीतर त्याच्याहून 'वरचढ' धातूची ओली संगत. त्यातला सगळ्यात वाईट सोबती तांबं.

आता माझ्या होडीत काय निघालं ते ऐका. मागच्या उजव्या कोपऱ्यावर बारा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला होता, त्यावरून ती १९८६ सालची. मधल्या कुठल्या तरी मालकाने तिची 'सुधारणा' केलेली. तळाला प्लायवूड, वर राखाडी कार्पेट. मला ते बघूनच होडी आवडली होती, खोटं कशाला बोला! मार्चमध्ये बर्फ वितळायला लागल्यावर मी एक कोपरा उचकटला. प्लायवूड हिरवट होतं. म्हणजे कीड-बुरशी लागू नये म्हणून औषध पाजलेलं, घरामागचे ओटे बांधायला वापरतात ते. २००४ पासून इथे घरगुती कामाच्या अशा लाकडातलं आर्सेनिकचं औषध बंद झालं आणि त्याच्या जागी आलेल्या औषधांत तांब्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे बघा, तांब्याच्या मिठात भिजवलेलं लाकूड अॅल्युमिनियमच्या पत्र्याला चिकटवलं, वर ओल धरून ठेवणारं कार्पेट अंथरलं आणि हे सगळं लोखंडी स्क्रूंनी आवळलं. शाळेच्या प्रयोगशाळेत बॅटरी करायला सांगितली असती तर याहून चांगली जमली नसती. खाली पत्र्यावर पांढरी भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. दोन ठिकाणी उजेड दिसत होता.

पण हे काहीच नाही.

अशा होडीला आडवे तीन बाक असतात. बसायला म्हणून ते असतातच, पण मधला बाक दोन्ही कडांना बांधून ठेवतो, नाहीतर लाटेवर आपटून पत्रा आत-बाहेर खेळत राहतो. आणि बाकांच्या पोटात फोम असतो. फोम कशाला, तर होडी पाण्याने भरली तरी बुडू नये. वीस फुटांखालच्या, मागे इंजिन लावायच्या साध्या होड्यांना अमेरिकेत १९७० च्या दशकापासून असा नियमच आहे, की पाण्याने काठोकाठ भरल्यावरही होडी आडवी, सरळ तरंगली पाहिजे आणि माणसांना धरून राहता आलं पाहिजे. मागे एक पत्रा ठोकलेला असतो, किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर. माझ्या होडीवर तो होता. चार माणसं.

मधला बाक मात्र नव्हता. मोकळी जागा मिळावी म्हणून कापून टाकलेला. आणि मागच्या बाकाला सुबक झाकण करून आतला फोम काढून तिथे सामानाची पेटी केलेली. कारागिरी उत्तम होती बरं का! बिजागऱ्यासुद्धा पितळी (पुन्हा तांबं).

हिशेब फार अवघड नाही. अॅल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, म्हणून बुडालेल्या पत्र्याचं वजन मूळच्या साधारण त्रेसष्ट टक्के भरतं. २३० पौंडांची होडी म्हणजे १४५ पौंड. इंजिन, बॅटरी, टाकी, नांगर वगैरे धरून आणखी दीडशे. एक घनफूट फोम साधारण साठ पौंड उचलतो. म्हणजे नुसती होडी वर राहायला पाच घनफूट हवा, आणि माणसांनी तिला लोंबकळायचं तर त्याच्या वर. एका बाकात चारेक घनफूट मावतो. माझ्याकडे उरला होता फक्त पुढच्या नाळेजवळचा बाक, तोही ओल पिऊन जड झालेला. ही होडी भरली असती तर मागच्या बाजूने दगडासारखी गेली असती.

आणि ऑक्टोबरात, घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी माझ्या आठ वर्षांच्या लेकीला घेऊन तीत बसलो होतो. दोघंच. संध्याकाळी, तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. तिच्या अंगात लाइफ जॅकेट होतं (इथे दहा वर्षांखालच्या मुलांना चालत्या होडीत ते कायद्यानेच लागतं), माझं मात्र पायाशी पडलं होतं. तसल्या गार पाण्यात पडल्यावर दहाएक मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात. पायाखाली थोडं पाणी जमलं होतं, ती डब्याने काढत होती आणि तिला मजा वाटत होती. मलाही.

मार्चमध्ये गराजमध्ये उकिडवा बसून हा हिशेब केला तेव्हा मी ते कार्पेट ओढून काढलं आणि सरळ रस्त्यावर नेऊन टाकलं.

मागच्या मालकावर राग काढणं सोपं आहे, पण त्याने काही बेकायदा केलं नाही. नियम कारखान्याला बांधतो. तुम्ही तुमच्या गराजमध्ये बाक कापलात तर विचारायला कोणी येत नाही. पण पत्र्यावर 'चार माणसं' तसंच राहतं आणि पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. आमच्या धंद्यात हे रोज होतं. कुणीतरी 'हे कशाला लागतंय' म्हणून एक तपासणी काढून टाकतो, वरचं कागदपत्र तसंच, आणि सहा महिन्यांनी भलताच माणूस रात्री दोन वाजता उठतो. फरक एवढाच, की सर्व्हर बंद पडला तर कुणी गारठून मरत नाही.

असो. कामाकडे वळू. गळती शोधायची पद्धत उलटी आहे, पाणी होडीच्या आत भरायचं. ट्रेलरवर ठेवून तीन-चार इंच, त्याहून जास्त नाही, कारण तेवढंच काही शे पौंड भरतं आणि ट्रेलर कुरकुरायला लागतो. मग खाली सरपटायचं आणि जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने गोल करायचा. माझे सव्वीस गोल झाले. बहुतेक ठिकाणी रिव्हेट तुटलेले नसतात, ढिले झालेले असतात. ते परत आवळता येतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा ऐरणीसारखा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून शेपटावर हातोडी मारायची. चार-पाच बेताचे ठोके. जास्त मारलं की आजूबाजूचा पत्रा ताणतो आणि शेजारचा रिव्हेट ढिला होतो.

ठोकळा धरायला आमचा शेजारी आला. निवृत्त मशिनिस्ट, पंचाहत्तरीचा, तीन शब्दांहून लांब वाक्य बोलत नाही. ठोका नीट बसला की आवाज बदलतो, 'टण्ण'चा 'ठक्' होतो, हे त्याने मला न सांगता शिकवलं. आवाज बरोबर येईपर्यंत तो ठोकळा हलवायचाच नाही. दोन शनिवार आम्ही असे घालवले. सव्वीसपैकी एकोणीस नुसत्या ठोक्यांनी बंद झाले. पाच नवीन घातले, अगदी भरीव, अॅल्युमिनियमचेच. दोन ठिकाणी आत हात जाईना, तिथे बंद तोंडाचे पॉप रिव्हेट आणि मरीन सीलंट. गळती दिसली की सगळा तळ आतून सीलंटने लिंपून टाकणारे लोक आहेत. माझ्या मते ढिला रिव्हेट तसाच ठेवून वर लेप देणं म्हणजे दुखऱ्या दाताला लवंग लावणं. आधी आवळा, मग वाटलं तर लेप.

इंजिन अडकवतात ती मागची फळी (ट्रान्सम) दोन पत्र्यांच्या मध्ये प्लायवूडची असते. तीही कुजली होती, पटाशीने भुसा निघाला. पाऊण इंची दोन प्लाय चिकटवून दीड इंचाची नवी केली. लाकूड साधं, औषध न पाजलेलं, कडा आणि बोल्टची भोकंसुद्धा इपॉक्सीने बंद. मधला बाक पत्रा वाकवून देणाऱ्याकडून करून घेतला आणि तिन्ही बाकांत पॉलियुरेथेनचा फोम भरला. दुकानातला गुलाबी-निळा थर्माकोलचा भाऊ स्वस्त पडतो, पण पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. वायरिंगबद्दल एकच सांगतो, गाडीत आपण निगेटिव्ह वायर बॉडीला लावून मोकळे होतो, तसं इथे करू नका. दोन वायरी बॅटरीपर्यंत न्या, बॅटरीजवळ फ्यूज घाला. पत्र्यातून करंट फिरला की तो पत्रा खातो.

रंग दिला नाही. आवडला असता, पण अॅल्युमिनियमला रंग धरायला आधी खरवडून खास प्रायमर लागतो, आणि गोड्या पाण्यात होडीला रंगाची गरज नाही. बायको म्हणाली, "मालवणला पावसाळ्यात होडी वर काढली की आधी सांधे बघतात. रंगाचं नारळी पौर्णिमेच्या तोंडावर बघू म्हणतात." मला हे सहा महिन्यांनी कळलं.

माझ्या एका मित्राचं म्हणणं, तू फार सोवळं करतोस. पन्नाशीत पाठ धरते, पत्र्याच्या बाकावर चार तास बसवत नाही, मग आनंद कसला? त्याचं अर्ध बरोबर आहे. म्हणून पाठ टेकायला एक खुर्ची लावली, पट्ट्याने बाकावर बांधायची, भोक न पाडता. मासे दाखवणारा स्क्रीनही घेतला, छोटा. पण उंच डेक नाही. चौदा फुटी हलक्या होडीत माणूस दीड फूट वर उभा केला की तोल कुठे जातो, हे एकदा गुडघाभर पाण्यात करून बघा आणि मग ठरवा. आणि खर्चाचं म्हणाल तर, एवढ्यात धडधाकट जुनी होडी आली असती. पैसे वाचवायला हे करू नये.

जुलैमध्ये आम्ही ती मुद्दाम बुडवली. कमरेएवढं पाणी, कडक ऊन, इंजिन-बॅटरीच्या जागी वाळूच्या पिशव्या. बूच काढलं आणि वाट बघत बसलो. शेजारी, मी आणि लेक, तिघंही जॅकेट घालून. पाणी घोट्यापर्यंत, बाकापर्यंत, मग मांडीवर आलं. मग थांबलं. कडा पाण्याच्या चार बोटं वर राहिली. मागची बाजू मात्र थोडी खाली होती, म्हणजे तिथल्या कोपऱ्यांत आणखी एखादा घनफूट फोम हवा. शेजाऱ्याने खाली बघून मान हलवली आणि म्हणाला, "मोअर इन बॅक." लेकीने विचारलं, परत कधी बुडवायची?

फोम पुढच्या शनिवारी भरला. आता एकच भीती उरली आहे. इथे होडी रस्त्याने नेताना बूच काढून ठेवायचा कायदा आहे, एका तळ्यातले शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. ते तळ्यावर परत लावायला मी दोनदा विसरलो. बायकोने गाडीच्या स्टिअरिंगवर पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्यावर मोठ्या अक्षरात: बूच?