इंग्रजीची देवडी कशासाठी?

स्पॅनिश भाषा शिकायची असेल तर आधी इंग्रजी पक्के असले पाहिजे, असा एक समज आपल्याकडे रुजून बसला आहे. तो इतका खोल रुजला आहे की त्याला पुरावा मागावा असे कोणाच्या मनातही येत नाही. मी तो मागणार आहे. माझ्यापाशी पदवी नाही. मी मॅट्रिक, म्हणजे आजच्या हिशेबाने दहावी पास. शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. 'दोन किहोते' मूळ भाषेत वाचायचा हट्ट धरला आणि त्यापायी स्पॅनिशच्या मागे लागलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. तेव्हा जे सांगतो ते पंडिताचे नव्हे, खडूने हात पांढरे झालेल्या माणसाचे आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

माझी एक विद्यार्थिनी, मराठी माध्यमातली, शहरातल्या एका भाषावर्गात नाव घालायला गेली. वर्गाने तिची परीक्षा घेतली. स्पॅनिशची नव्हे हो, इंग्रजीची! तीत ती कमी पडली. तिला सांगण्यात आले, "इंग्रजीचे काळ ज्याला येत नाहीत, त्याला स्पॅनिश क्रियापद झेपायचे नाही. वर्षभर इंग्रजी सुधारा, मग या." या एका वाक्याचा मला समाचार घ्यायचा आहे.

स्पॅनिश क्रियापद अवघड आहे, हे खरेच. एकेका क्रियापदाची सतरा कोष्टके, बहुतेकांत सहा सहा रूपे. सगळी मिळून संख्या शंभराच्या घरात जाते. पण कोणाला अवघड? ज्याच्या भाषेत क्रियापदाची बहुतेक रूपे झडून गेली आहेत, त्याला. इंग्रज माणूस 'वॉन्ट' आणि 'वॉन्टेड' या दोन खुंट्यांवर जवळजवळ सगळा संसार टांगतो. बाकीचे काम तो मदतनीस शब्दांकडून करून घेतो. त्याने स्पॅनिश कोष्टक पाहून घाबरणे साहजिक आहे. पण त्याची भीती आपण आपल्या मुलांना का म्हणून उसनी आणून द्यावी?

एक रोजचे क्रियापद घेऊ. 'केरेर'. अर्थ, हवे असणे, इच्छिणे, आणि माया करणे. आई मुलाला 'ते कियेरो' म्हणते, मित्र मित्राला म्हणतो, आणि नवरा बायकोलाही म्हणतो. (आपलेही 'तू मला हवास' हे दोन्हीकडे चालतेच की.) वर्तमानकाळ असा चालतो: कियेरो, कियेरेस, कियेरे, केरेमोस, केरेइस, कियेरेन. आघात धातूवर पडला की 'के'चा 'किये' होतो. आघात पुढे प्रत्ययावर सरकला की पुन्हा साधा 'के'. इंग्रजीतून शिकणारा पोरगा येथेच डोके धरतो. आपले पोर मात्र 'मूल-मुलाला', 'फूल-फुलाला', 'मीठ-मिठाला' असे लहानपणापासून म्हणत आले आहे. शब्दाचा भार पुढे गेला की मागचा स्वर बदलतो, हे त्याला कोणी शिकवावे लागलेले नाही. नियम तोच आहे असे मी म्हणत नाही. पण ओळखीचा आहे.

आता भूतकाळ. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन. एक घडून गेलेल्या गोष्टीचा, दुसरा चालत राहिलेल्या गोष्टीचा. इंग्रजीमार्गे हा फरक समजावताना शिक्षकांचा घाम निघतो. मी दोन वाक्ये सांगतो. 'आजीने गोष्ट सांगितली' आणि 'आजी रोज गोष्ट सांगे'. झाले! पहिले ते 'कोन्तो', दुसरे ते 'कोन्ताबा'. आपल्या व्याकरणात या दुसऱ्याला रीतिभूतकाळ असे स्वच्छ नाव आहे.

'केरेर'च्या बाबतीत हे दोन भूतकाळ मोठी गंमत करतात. 'केरीआ' म्हणजे मला हवे होते, मनात होते. पण 'कीसे' म्हटले की मी तसे करू गेलो, प्रयत्न केला. आणि 'नो कीसे' म्हणजे 'मला नको होते' एवढेच नव्हे. 'मी नाहीच म्हटले', साफ नकार! इंग्रजी पुस्तके याला अपवाद म्हणून चौकटीत घालतात. मराठी माणसाला त्यात अपवाद काय दिसणार? 'तो ऐकेना', 'ती येईना', 'पोर जेवेना' ही आपली रोजची रूपे. त्यांत नकार आणि हट्ट दोन्ही एका प्रत्ययात आहेत. मोटार सुरू होईना झाली की स्पॅनिश माणूस म्हणतो, 'एल कोचे नो कीसो आर्रांकार', मोटारीने सुरू व्हायला नकार दिला! निर्जीव वस्तूला हट्टी ठरवण्यात ते आणि आपण सख्खे भाऊ आहोत.

दुकानात चला. आपली गृहिणी वाण्याला काय म्हणते? "अर्धा किलो साखर हवी होती." काल हवी होती काय? नाही, आत्ताच हवी आहे. पण 'हवी आहे' म्हटले तर हुकूम सोडल्यासारखे वाटते, म्हणून ती भूतकाळाचा पदर घेते. माद्रिदची गृहिणी नेमके हेच करते: 'केरीआ मेदियो कीलो', अर्धा किलो हवी होती. तिला आणखी अदब दाखवायची असली तर ती 'किसिएरा' म्हणते. आता सांगा, हा शिष्टाचार मराठी मुलीला समजावून द्यायला मध्ये इंग्रजी दुभाष्या कशाला बसवायचा? त्या दुभाष्याच्या तोंडून 'कियेरो' तेवढे शिकलेली आपली मुले परदेशी पाहुण्यासमोर 'मला पाहिजे, मला पाहिजे' करीत राहतात आणि उद्धट ठरतात.

पण खरी गाठ आहे ती अर्थांची. काळ सगळ्यांना कळतात. अर्थ कळत नाहीत. स्पॅनिशमध्ये एक 'सुबखुन्तिवो' नावाचा अर्थ आहे. जे आहे ते न सांगता, जे असावे, होवो, झाले तर बरे, असे मनातले सांगणारा. इंग्रजीत तो जवळपास मेला आहे. राजाला देव राखो म्हणणाऱ्या गाण्यात आणि अशाच दोनचार जुन्या वाक्प्रयोगांत त्याची धुगधुगी उरली आहे. म्हणून इंग्रजीवरून शिकवणारे वर्ग त्याला बागुलबुवा करून कितीतरी महिने माळ्यावर ठेवतात. आणि मराठीत? दिवाळी आली की घरोघर जी शुभेच्छापत्रे येतात त्यांवर 'ही दिवाळी आपणांस सुखाची जावो' असे असते. 'जावो'! कोणी 'सुखाची जाते' असे लिहील काय? स्पॅनिश माणूस निरोप देताना 'के ते बाया ब्येन' म्हणतो, तुझे बरे चालो. तेथेही साधे 'बा' चालत नाही, 'बाया'च लागते. 'दिओस कियेरे' म्हणजे देवाची इच्छा आहे. 'दिओस कियेरा' म्हणजे देवाची तशी इच्छा असो, आपल्या भाषेत 'देव करो'. एका स्वराने विधानाची प्रार्थना होते! आपले मूल 'करतो' आणि 'करो' यांतला फरक दुधाबरोबर प्याले आहे.

दुसरे उदाहरण याहून नेमके. 'कियेरो इर' म्हणजे मला जायचे आहे. इच्छा माझी, जाणेही माझे. पण जायचे दुसऱ्याने असेल तर स्पॅनिश एकदम अर्थ बदलते: 'कियेरो के बेंगास'. याला इंग्रजी म्हणते, 'आय वॉन्ट यू टु कम', आणि त्यात अर्थ कुठल्या कुठे विरघळून जातो. मराठी म्हणते, 'तू यावेस असे मला वाटते.' यावेस! बेंगास! शब्दास शब्द बसला. आपल्या शाळेच्या पुस्तकात क्रियापदाचे अर्थ चार सांगितले आहेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. १९११ साली मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' निघाले, त्याच्याही पाऊणशे वर्षे आधी, १८३६ साली, दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण छापले होते. इतकी जुनी सामग्री घरात असताना आम्ही शेजाऱ्याच्या दारी वाटी घेऊन उभे!

संकेतार्थाचे तर विचारूच नका. 'मला हवे असते तर मी आलो असतो' हे वाक्य ज्याला आपोआप येते, त्याला 'सि किसिएरा' आणि त्याचा जोडीदार शिकायला किती वेळ लागेल? आणि 'कोणताही' या अर्थाचा त्यांचा 'क्वाल्कियेरा' पाहा. 'क्वाल' म्हणजे कोणता, आणि 'कियेरा' म्हणजे हे आपलेच क्रियापद, इच्छार्थी वेष घातलेले. आपण 'हवा तो', 'वाटेल तो' म्हणतो, तेच हे.

मराठी सगळीकडे उपयोगी पडते असे मी म्हणणार नाही. 'मला हवे' यात आपण 'मला' म्हणतो. 'कियेरो'मध्ये इच्छा करणारा थेट कर्ता असतो, आणि येथे इंग्रजीचे 'आय वॉन्ट' अधिक जवळचे आहे. शब्दसंग्रहातही इंग्रजीची मदत मोठी, कारण लॅटिनमधले शेकडो शब्द दोघींकडे आहेत. 'केरीआ' आणि 'केर्रीआ', म्हणजे हवे होते आणि हवे असेल, यांतला 'र'चा फरक तर कोणत्याच भाषेच्या मदतीने येत नाही. जीभ कसावी लागते. पण याच न्यायाने 'मे गुस्तान लोस मांगोस' घ्या. मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्यांप्रमाणे अनेकवचनी, 'मला' बाजूला. इंग्रजीचा विद्यार्थी येथे महिनाभर अडखळतो. आमचा पहिल्याच दिवशी पुढे जातो.

कोणी म्हणेल, मराठीतून अशी वाट आजवर कोणी पाडली आहे काय? उलट दिशेने पाडली आहे, आणि तीही आपल्या शेजारी, गोव्यात. फादर स्टीफन्स, ज्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्या मागे १६४० साली रायतूरला छापले गेले. हा माणूस जन्माने इंग्रज. पण कोकणी क्रियापदाची रूपे सांगायला त्याने इंग्रजी वापरली नाही, स्पॅनिशची सख्खी बहीण पोर्तुगीज वापरली. त्या बहिणींची आणि आपल्या भाषांची गाठ अशी चार शतकांपूर्वीच पडली आहे. गोव्यातल्या जुन्या पिढीच्या पोर्तुगीजमध्ये तर 'क्वांदु किझेर', म्हणजे 'तुम्हांला हवे असेल तेव्हा', असा इच्छार्थाचा भविष्यकाळ जिवंत आहे; स्पॅनिशमध्ये तो आता कायद्याच्या कागदांत आणि म्हणींत तेवढा सापडतो.

शेवटचा आक्षेप परीक्षेचा. म्हणे, प्रमाणपत्र परदेशी असते, तेव्हा इंग्रजी हवेच. हे तर निव्वळ अज्ञान आहे. स्पेनच्या शिक्षण खात्याच्या वतीने सर्व्हान्तेस संस्था जे प्रमाणपत्र देते, त्याची परीक्षा स्पॅनिशमधून, तिच्या सूचना स्पॅनिशमधून, आणि तोंडी परीक्षा घेणाराही स्पॅनिशच बोलतो. मग वर्गाच्या दारातच इंग्रजीचा पेपर मांडून बसलेल्यांनी तो कोणाच्या सोयीसाठी मांडला आहे, हे एकदा उघडपणे सांगावे.