तूट भरावी की शोधावी?

महाराष्ट्रातील जैन व्यापारी कुटुंबांतील अनेक मुले-मुली आज ब्रिटनमध्ये संसार थाटून आहेत. लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जिनालयाची प्रतिष्ठा १९८८ साली झाली. ते शहर आता समाजाला परके राहिलेले नाही. नातवंडाच्या जन्मानिमित्त सांगली, सोलापूर किंवा नाशिकहून आई-वडील तेथे जातात आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांची एका अपरिचित यंत्राशी गाठ पडते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पांढऱ्या कपाटासारखे दिसणारे ते यंत्र म्हणजे घर ऊबदार ठेवणारा बॉयलर. त्यावरील लहानशा तबकडीतील काटा फार खाली उतरला की यंत्र बंद पडते, रेडिएटर गार होतात आणि तान्हे बाळ असलेल्या घरात रात्र काढणे अवघड होते. मग कोणीतरी एक व्हॉल्व्ह उघडून पाणी भरते, काटा वर येतो, घर पुन्हा तापते. आठवड्याने पुन्हा तोच प्रकार. हे ‘पुन्हा’ का घडते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

आपल्याकडील गीझरमधून पाणी तापून नळावाटे बाहेर जाते. रेडिएटरचे पाणी मात्र वापरायचे नसते. गॅसच्या ज्योतीवर ते तापते, पंपाच्या साहाय्याने खोल्याखोल्यांतील रेडिएटरमधून फिरते, उष्णता देऊन परत येते आणि पुन्हा तापते. हे बंदिस्त चक्र असून तेच पाणी वर्षानुवर्षे त्यात फिरत राहते. यंत्र गार असताना काटा साधारणपणे १ ते १.५ बार या दरम्यान असावा. तापल्यावर तो २ च्या आसपास जाणे स्वाभाविक आहे. १ बार म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब.

चक्र बंदिस्त असेल तर पाणी कमी होण्याचे कारण नाही. समजा, मुलाने सांगलीला फोन करून म्हटले, ‘‘अण्णा, इथला बॉयलर दर आठवड्याला पाणी मागतो. दोन मिनिटांचे काम आहे, भरून टाकतो.’’ आयुष्यभर पेढी सांभाळलेल्या अण्णांना बॉयलरची माहिती नसेल, पण उत्तर त्यांच्याकडे तयार असते : ‘‘अरे, गल्ल्यात रोज पन्नास रुपये कमी येऊ लागले, तर खिशातले घालून आपण मेळ बसवतो का? आधी ते कुठे गेले ते बघ.’’ बॉयलरलाही हाच न्याय लागू आहे. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी पाणी भरावे लागणे क्षम्य समजावे. दर आठवड्याला भरावे लागत असेल तर ती गळती होय.

शोधाचा आरंभ नोंदवहीने करावा. रोज सकाळी, यंत्र सुरू होण्यापूर्वी, काट्याचा आकडा तारखेसह लिहावा. पूर्ण तापल्यावर एकदा आणि पुन्हा गार झाल्यावर एकदा आकडा टिपावा. आठ-दहा दिवसांच्या अशा नोंदींतून दोषाचे स्वरूप बहुधा उलगडते.

पहिला प्रकार सर्वांत निरुपद्रवी. रेडिएटरचा वरचा भाग गार आणि खालचा गरम लागत असेल तर आत हवा साचलेली असते. बाजूच्या लहान छिद्रातील चौकोनी टोक किल्लीने किंचित फिरवून ती हवा काढतात. हवा गेली की दाब थोडा उतरणारच. एकदा पाणी भरून तो स्थिर राहिला, तर प्रश्न मिटला.

दुसरा प्रकार असा की, यंत्र चालू असो वा बंद, काटा संथपणे उतरतच राहतो. ही पाण्याची उघड चोरी आहे. प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह आणि जोड कोरड्या पांढऱ्या कागदाने टिपून पाहावेत. तापलेल्या जोडावरचा थेंब तत्काळ सुकून जातो, त्यामुळे ओल दिसली नाही तरी डाग दिसतो : तांब्याच्या नळीवर हिरवट छटा, जोडाभोवती पांढरी पापडी किंवा लोखंडावर गंजाची तपकिरी रेघ. लाकडी जमिनीखालून नळ्या गेल्या असतील तर खालच्या खोलीच्या छतावरील पिवळसर डाग हाच पुरावा ठरतो. घट्ट करून भागेल असा जोड असेल तर प्लंबरचे काम थोडक्यात होते. गळती जमिनीखाली असेल तर ती लवकर सापडणेच हिताचे. महिनोन्महिने झिरपणारे पाणी लाकूड कुजवते.

तिसरा प्रकार अनेकांना चकवतो. येथे काटा तापताना वेगाने चढून ३ च्या जवळ जातो आणि गार होताच शून्याकडे घसरतो. त्याचे कारण असे : पाणी १० अंशांवरून ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की दर १०० लिटरमागे सुमारे ३ लिटरने फुगते. या वाढीला जागा मिळावी म्हणून एक पोलादी टाकी जोडलेली असते. तिच्या मधोमध रबराचा पडदा असतो. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस कोंडलेली हवा. पाणी फुगले की हवा दबते, निवळले की पूर्ववत होते. व्यापाऱ्याच्या गंगाजळीसारखे तिचे काम आहे : तेजीत सामावून घ्यायचे, मंदीत परत द्यायचे. ही हवा निघून गेली किंवा पडदा फाटला की फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही. दाब ३ बारला पोहोचला की सुरक्षा-व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी तांब्याच्या नळीवाटे घराच्या भिंतीबाहेर जाते. घरात कोठेही थेंब दिसत नाही आणि गार झाल्यावर काटा मात्र तळाला गेलेला असतो. ही शंका पडताळणे सोपे आहे. बाहेरच्या नळीच्या तोंडाशी रात्री प्लॅस्टिकची लहान पिशवी सैल बांधावी. सकाळी तीत पाणी आढळले तर वाट सापडली. कारागीर टाकीत हवा भरतो किंवा टाकी बदलतो. एकदा उघडलेला सुरक्षा-व्हॉल्व्ह बारीक कचरा अडकून पुरता न मिटण्याचीही शक्यता असते, म्हणून त्याचीही तपासणी करून घ्यावी.

या तिन्ही ठिकाणी काही सापडले नाही तर संशय यंत्राच्या अंतर्भागावर जातो. तेथील उष्णता-विनिमय करणारा भाग भेगाळला तर पाणी यंत्राच्या सांडपाण्याच्या नळीतून निघून जाते आणि मागमूस राहत नाही. कारागीर बॉयलरकडे जाणाऱ्या-येणाऱ्या नळ्यांचे व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवून पाहतो. तेवढ्या वेळातही काटा उतरला तर दोष यंत्रात, स्थिर राहिला तर घरातील नळ्यांत, असा निवाडा होतो.

‘पाणी स्वस्त आहे, भरत राहिलो तर बिघडले कोठे?’ असा प्रश्न कोणी विचारील. बिघडते ते असे. बंद चक्रातील जुन्या पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो, त्यामुळे लोखंड फारसे गंजत नाही. प्रत्येक ताज्या भरण्याबरोबर नवा प्राणवायू आत येतो आणि गंज-प्रतिबंधक औषध अधिकाधिक विरळ होते. रेडिएटर आतून गंजून काळा गाळ तयार होतो, तो पंपात आणि उष्णता-विनिमयाच्या अरुंद वाटांत बसतो. एका जोडाच्या किरकोळ दुरुस्तीचा खर्च टाळता टाळता अखेर संपूर्ण यंत्र बदलण्याची पाळी येते.

दोष सापडेपर्यंत पाणी भरावेच लागले तर ते यत्नपूर्वक भरावे. यंत्र बंद करून गार होऊ द्यावे. बहुतेक यंत्रांच्या खाली वेणी घातलेली चंदेरी नळी आणि तिला दोन व्हॉल्व्ह असतात; काहींत किल्लीची रचना असते, म्हणून माहितीपुस्तिका आधी वाचावी. व्हॉल्व्ह सावकाश उघडून काटा १ आणि १.५ च्या मध्ये आला की दोन्ही घट्ट बंद करावेत. एक जरी अर्धवट उघडा राहिला तर दाब चढत जातो आणि सुरक्षा-व्हॉल्व्ह उघडून नवीच अडचण उभी राहते.

पाणी भरणे, हवा काढणे, जोड तपासणे ही गृहस्थाची मर्यादा. यंत्राचे बाह्य आवरण काढणे त्याच्या अधिकारात नाही. ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणाचे काम १ एप्रिल २००९ पासून ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंदलेल्या कारागिरानेच करावे लागते. त्याच्या ओळखपत्राच्या मागील बाजूस कोणत्या कामाची अनुज्ञा आहे हे लिहिलेले असते. ते पाहण्यात संकोच बाळगू नये. सदोष ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक असतो. त्यासाठी सूचक घंटा घरात असावी. गॅसचा वास आला तर ०८०० १११ ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर तत्काळ कळवावे.

घर भाड्याचे असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. इंग्लंडमध्ये सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेकरारात, १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ नुसार, घर तापविण्याची यंत्रणा सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मालकाला गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणीही करून घ्यावी लागते. आपली मुले भिडेखातर गप्प राहून स्वतःच पाणी भरत बसतात. नोंदवहीतील तारखा आणि आकडे जोडून मालकाला लेखी कळवावे. तोंडी तक्रारीपेक्षा लेखी टिपणाचे वजन अधिक असते, हे व्यापारी घरात सांगावयास नको.

जैन शास्त्रात संवर आणि निर्जरा समजावताना नावेचा दृष्टान्त देतात. नावेत पाणी शिरू लागले तर प्रथम छिद्र बुजवावे, मग आतले पाणी उपसावे. छिद्र तसेच ठेवून उपसत राहणाऱ्याचे श्रम संपत नाहीत. बॉयलरमधून पाणी आत येत नाही, बाहेर जाते, एवढाच फरक, क्रम तोच. परदेशी राहणाऱ्या मुलांना पुढच्या फोनमध्ये इतकेच विचारावे : काटा किती आहे, आणि गेल्या रविवारी किती होता?