परस्परविश्वासाची मोजदाद

एखाद्या समाजात परस्परविश्वास किती आहे, हे ठरविण्यासाठी समाजशास्त्रज्ञ ज्या प्रश्नाचा आधार घेतात, तो दिसावयास अगदी साधा आहे: बहुतेक माणसांवर विश्वास टाकता येतो, की व्यवहारात जपूनच राहावे लागते? महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत १९४८ साली एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी विचारलेला हा प्रश्न पुढे अमेरिकेत रुजला आणि १९८१ पासून जागतिक मूल्य सर्वेक्षणाबरोबर देशोदेशी फिरला. आज त्याच्याच उत्तरांवरून राष्ट्रांची क्रमवारी लावली जाते.

माझी हरकत प्रश्नास नाही. ‘बहुतेक माणसे’ म्हणताना उत्तर देणाऱ्याच्या मनश्चक्षूंपुढे कोण उभे राहते, याची विचारपूस न करता त्या उत्तराचा आकडा करण्यास आहे. डेल्हे, न्यूटन आणि वेल्झेल या संशोधकांनी २०११ साली ५१ देशांतील उत्तरांची छाननी करून दाखवून दिले, की चीन, थायलंड यांसारख्या देशांत या शब्दांचा परीघ बहुधा आप्तपरिचितांपाशीच थांबतो, आणि ही गोष्ट हिशेबात धरताच या क्रमवारीतील चीनचे उच्च स्थान खाली येते. आपल्याकडे तर भावकीवर डोळे मिटून विसंबणारा, परंतु परजातीच्या माणसास घर भाड्याने न देणारा गृहस्थही या प्रश्नास निःशंकपणे ‘होय’ म्हणू शकेल.

विश्वास उत्तरात नव्हे, तर वर्तनात कसा दिसतो, याचा दाखला भिवंडीने दिला आहे. १९७० आणि १९८४ साली हिंदू-मुसलमान दंगलींत होरपळलेल्या मुंबईजवळच्या या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू आणि मुसलमान रहिवासी पोलिसांसमवेत नियमाने एकत्र बसू लागले. आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई दंगलींत जळत असताना जिच्याविषयी सर्वांनाच धास्ती होती, ती भिवंडी शांत राहिली. हिंदुस्थानातील सहा शहरांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ सालच्या ग्रंथात हेच प्रतिपादिले, की मोठ्या शहरात नुसता शेजारधर्म पुरा पडत नाही. व्यापारी मंडळे, कामगार संघटना, राजकीय पक्ष यांतून दोन्ही समाजांची माणसे एका कामास बांधलेली असली, तरच अफवेस आळा बसतो.

तेव्हा प्रश्नावली रचणाऱ्यांनी मताऐवजी वर्तन विचारावे: तुमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत परधर्मीय किती, अडीअडचणीस हातउसने कोणाकडून घेतले, अफवा कानी आली तेव्हा तिची शहानिशा कोणाकडे केली. अशा उत्तरांची नोंद दर काही वर्षांनी मोहल्लावार दप्तरी झाली, तर कोणत्या वस्तीतील दोन समाजांची बैठक मोडली आहे, हे तंटा उद्भवण्यापूर्वीच नगरपालिकेस आणि नागरिकांस कळेल.