माहेरी राहिलेला कागद

‘एकदा सिझेरियन, की नेहमीच सिझेरियन’ हे न्यूयॉर्कच्या डॉ. क्रेगिन यांचे १९१६ सालचे सूत्र. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत. आता खालच्या भागावर आडवा घेतात. असा एकच व्रण असलेल्या, योग्य निवड झालेल्या चौघींपैकी सुमारे तिघींची पुढली प्रसूती नैसर्गिक होऊ शकते; व्रण फाटण्याचा धोका दोनशेंत एकीला. मात्र आतला छेद कसा होता, हे पोटावरची खूण सांगत नाही, शस्त्रक्रियेचा कागद सांगतो. नवी मुंबईतील कित्येक सुनांचे पहिले बाळंतपण रूढीप्रमाणे साताऱ्या-सांगलीकडे माहेरी होते, आणि कागद तिथेच राहतो. हा तपशील बाळंतिणीच्या हाती देणे प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक करावे. वाशी-नेरूळच्या पालिका रुग्णालयांत मध्यरात्रीही भूलतज्ज्ञ आणि रक्त सिद्ध असेल, याची हमी महापालिकेने द्यावी.