नाण्याची पारख, दुकानदाराची पारख

उज्जैनच्या माधव नगरात राहून जुनी नाणी जमविणाऱ्याने दुकानदार कसा पारखावा? येथील प्राचीन तांब्याच्या नाण्यांवर अधिकाच्या आकाराची खूण असून तिच्या चारही टोकांस वर्तुळे असतात. हे ‘उज्जयिनी चिन्ह’ ख्रिस्तजन्मापूर्वीपासूनचे आहे. आपल्या गळ्यातील क्रूस पाहून जो त्यालाच ख्रिस्ती क्रूस म्हणेल व किंमत चढवील, त्याची पायरी पुन्हा चढू नये. सचोटीचा दुकानदार राणीछाप रुपया आपल्यासमोर तोलतो; तो सुमारे ११.६६ ग्रॅम भरावा. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांच्या व्यापारास १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो. तो पाहावा, पावती घ्यावी. शेतात दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरातन ठेवा सापडल्यास मात्र १८७८ च्या कायद्यानुसार कलेक्टरास कळवावे. दुकानदाराकडून सचोटी मागणाऱ्याने ती आधी स्वतः पाळावी.