मुकुट पाहिला, बक्कल नंबर राहिला
जुन्या बाजारातून : छांदिष्ट

आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतींचे पोलीस-बिल्ले जमवणारा माणूस बिल्ला हातात आला की आधी त्यावरचा प्राणी बघत नाही, मुकुट बघतो. प्राणी पाढ्यांसारखे पाठ असतात. जिराफाचं मुंडकं म्हणजे टांगानिका, तुरेवाला क्रौंच म्हणजे युगांडा, ताडाजवळचा हत्ती म्हणजे गोल्ड कोस्ट, मासा धरलेला गरुड म्हणजे उत्तर ऱ्होडेशिया. वय मात्र मुकुटाला विचारायचं. त्याच्या कमानी घुमटासारख्या वर गेलेल्या असतील तर तो राजाचा मुकुट, म्हणजे १९०१ पासून सहाव्या जॉर्जपर्यंतचा. मधोमध दबलेल्या असतील तर राणीचा, १९५३ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास आलेला. (आता तिसऱ्या चार्ल्सनं पुन्हा घुमटवाला मुकुट घेतलाय. पन्नास वर्षांनी नवशिक्यांची पंचाईत होणार!)

खरी चुरस राणीच्या मुकुटासाठी असते, कारण तो टिकलाच नाही. गोल्ड कोस्ट ६ मार्च १९५७ ला घाना झाला. म्हणजे राणीच्या मुकुटाला तिथे जेमतेम चार वर्षं मिळाली. पाठोपाठ १९६० ला नायजेरिया, १९६१ ला टांगानिका, १९६२ ला युगांडा, १९६३ ला केनिया. विलायतेतल्या कारखान्यांत नवे ठसे पाडून होतात न होतात तोच ते मोडीत निघायची वेळ आली. साम्राज्यानं ज्या घाईनं गाशा गुंडाळला, ती घाई आज लिलावात ‘दुर्मीळ’ म्हणून विकली जाते.

सर्वांत जास्त वेड आहे ते ‘ब्रिटिश साऊथ आफ्रिका पोलीस’चं. हे दल दक्षिण आफ्रिकेचं नव्हे, आजच्या झिंबाब्वेतलं, म्हणजे तेव्हाच्या ऱ्होडेशियातलं. नाव आलं सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीवरून. १८८९ मध्ये कंपनीनं स्वतःचे पोलीस उभे केले. १८९५ च्या अखेरीस कंपनीचा तिथला प्रशासक जेम्सन त्यांना घेऊन शेजारच्या बोअरांच्या ट्रान्सवालवर चालून गेला आणि पकडला गेला. इकडे बंदोबस्त विरळ झालेला पाहून मार्च १८९६ मध्ये तिथले एन्डेबेले लोक बंड करून उठले. पुढे १९६५ मध्ये ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारनं लंडनशी नातं तोडलं, तरी पोलिसांच्या नावातलं ‘ब्रिटिश’ १९८० पर्यंत तसंच राहिलं. एका कंपनीच्या चौकीदारांचं नाव एवढं चिवट निघावं, याची मला अजून मौज वाटते.

नकली माल या छंदाच्या पाचवीलाच पुजलेला. ओतीव नक्कल ओळखणं त्यातल्या त्यात सोपं: पाठ खरबरीत असते, बारीक बुडबुड्यांची छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात. जुन्याच ठशातून नव्यानं मारलेला बिल्ला भल्याभल्यांना चकवतो. तिथे झीज बघायची. खरी झीज उंचवट्यांवर असते. हत्तीचं कपाळ, मुकुटाचं टोक. रोज सकाळी पॉलिश लावून फडक्यानं घासणाऱ्या बोटांची ती खूण.

आणि इथेच माझं या बाजाराशी भांडण आहे. झिजलेल्या बिल्ल्याची किंमत पडते. न वापरलेला, कागदातून नुकता काढल्यासारखा बिल्ला भाव खातो. म्हणजे जो कुणी घातलाच नाही त्याला मान, आणि ज्यानं घातला त्याचा हात मात्र दोष म्हणून नोंदला जातो!

तो हात बहुतेक वेळा अस्कारीचा, म्हणजे आफ्रिकी शिपायाचा. (‘अस्कारी’ अरबीतून आलेला आणि आपल्या ‘लष्कर’चा नातेवाईक.) अर्धी चड्डी, डोक्यावर लाल गोंडेदार टोपी, आणि बरीच वर्षं अनवाणी पाय. बूट गोऱ्या अधिकाऱ्याला. अंगावरच्या ‘खाकी’चा शब्द आणि रिवाज दोन्ही हिंदुस्थानातून गेले. कायदाही इथलाच. केनिया, युगांडा, टांगानिकात १९३० पर्यंत भारतीय दंडसंहिता लागू होती, म्हणजे नैरोबीच्या ठकसेनालाही कलम ४२० च लागत होतं.

अशा शिपायांची एक गोष्ट राजाच्या मुकुटाच्या काळातली. २८ फेब्रुवारी १९४८, अक्रा. महायुद्धातून परतलेले, त्यांतले कित्येक ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेले माजी सैनिक गव्हर्नरकडे अर्ज घेऊन निघाले होते. वाटेत पोलिसांनी अडवलं. सुपरिंटेंडंट कॉलिन इम्रे यांनी गोळीबाराचा हुकूम दिला. शिपायांनी गोळी झाडली नाही. मग इम्रे यांनीच एकाची बंदूक घेऊन बार काढले. सार्जंट अजेटी, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लॅम्प्टे मारले गेले. शहर पेटलं आणि स्वातंत्र्याची चळवळ वेगानं पुढे सरकली. घानात हा दिवस आजही पाळतात. त्या काळच्या हत्तीच्या बिल्ल्याखाली लिलावाच्या यादीत एवढंच छापलेलं असतं : ‘राजमुकुट, पितळी, मागे दोन कड्या, किंचित झीज.’

मारले गेलेल्यांची नावं घानातल्या पोरांना ठाऊक आहेत, मारणाऱ्याचं नावही कागदावर आहे. ज्यांनी चाप ओढला नाही त्या शिपायांची नावं कुणी सांगत नाही. बिल्ल्यावर त्या नावांना जागाच नव्हती. आपल्या हवालदाराच्या बक्कल नंबरासारखा आकडा तेवढा शिपायाच्या अंगावर असायचा. हे पितळी आकडे बिल्ल्यांच्या बाजारात सगळ्यांत स्वस्त. त्यांवर ना मुकुट असतो ना हत्ती, म्हणून ते मोडक्या बटणांच्या डब्यात टाकून दिलेले असतात. कुठे असा डबा दिसला, तर आकडे आधी वेचा. आणि कृपा करून त्यांना पॉलिश करू नका.